थेंब पडतो तिथे भोक नसतं

रात्रीचे दोन वाजून गेले असतील. कपाळावर एक थेंब पडला. झोपेतच पुसला आणि कूस बदलली. दुसरा कानाच्या पाळीवर पडला. एकदम बादली ओतली तर माणूस उठून भांडतो तरी. हे मोजूनमापून पडणारं पाणी मात्र डोकं फिरवतं. टॉर्च लावला. बरोबर माझ्या डोक्यावर, कापडाचे दोन तुकडे जिथे शिवले होते तिथे, पुढचा थेंब पोट फुगवून लोंबत होता. मी प्रथमोपचाराच्या डबीतून चिकटपट्टी काढली आणि त्या शिवणीवर दाबून बसवली. मुलीने एक डोळा उघडून पाहिलं. म्हणाली, "आई, तंबूला लागलंय का?"

पहाटेपर्यंत चार पट्ट्या लावून झाल्या आणि चारही गळून माझ्याच अंगावर पडल्या. सकाळी तंबूत दोन डबकी होती, स्लीपिंग बॅगा पायाकडून ओल्या झाल्या होत्या. मोज्यांबद्दल बोलायलाच नको.

हे साम्रदला घडलं. सांदण दरीच्या तोंडाशी, रतनगडाच्या सावलीत असलेलं गाव. दिवस जुलैचे. तिथून जवळच्या घाटघरला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तिथे पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या गावांना पाचशे-सहाशेवर भागवावं लागतं. अशा ठिकाणी, अशा महिन्यात, घरचं सगळं सोडून कापडाच्या घरात झोपायला कशाला जायचं, हा प्रश्न माझ्या सासूबाईंनी विचारला होता. मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आजही नीटसं सुचत नाही.

एका घराच्या अंगणात, भाताच्या खाचरांना लागून, विचारून-सांगून तंबू लावला होता. सकाळी मी गळक्या तंबूच्या आणि तो विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते. चारचौघांना सांगण्यासाठी वाक्यंसुद्धा तयार होती: एवढे पैसे मोजले, पिशवीवर मोठ्या अक्षरांत वॉटरप्रूफ लिहिलंय, वगैरे. घरच्या आजी चहा घेऊन आल्या. माझी कैफियत त्यांनी शांतपणे ऐकली, मग वाकून बाहेरच्या कापडाखाली हात घातला आणि आतल्या अंगाने तळवा फिरवला. तळहात चिंब झाला. तो मला दाखवत म्हणाल्या, "ह्ये पावसाचं न्हाई बाई. ह्ये तुमचंच हाये."

मला कळलं नाही. आजींनी त्यांच्या चुलीवरच्या भाताचं झाकण उचलून दाखवलं. झाकणाला आतून थेंबच थेंब. "रातभर झाकण घालून बसल्या व्हत्या ना तुमी दोघी?"

बसलोच होतो. पाऊस आत येऊ नये म्हणून मी झोपण्याआधी एकूण एक झिप ओढली होती. वरच्या बाजूला दोन झरोके असतात, बोटभर काडी लावून उघडे ठेवायचे, तेही बंद केले. बाहेरचं कापड, ज्याला ट्रेकवाली मुलं आउटर म्हणतात, ते खाली पार मातीला टेकवून कडेला दगड ठेवले. आमच्या ओल्या सॅक, ओले रेनकोट आणि चिखलाचे बूट, सगळं प्रेमाने आत घेतलं. म्हणजे पातेल्यात भरपूर पाणी घातलं, झाकण घट्ट लावलं आणि आत आम्ही दोघी रात्रभर श्वासाचा जाळ देत राहिलो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात पेलाभर पाणी सहज हवेत जातं. दोन माणसं, दोन पेले. वर त्या ओल्या सामानाची वाफ वेगळी. बाहेर पावसाने गार पडलेलं कापड, आत ही उबदार दमट हवा. ती कापडाला लागली की तिचं पाणी होणार. विज्ञानाच्या पुस्तकात मी हे शिकले होते, मुलीला शिकवलंही होतं, आकृती काढून. अंगणात कळायला भाताचं झाकण लागलं.

तरी एक गोष्ट खटकत राहिली. वाफेचं पाणी सगळीकडे सारखं धरायला हवं. मग माझ्या कपाळावरच नेम धरून का पडत होतं? म्हणजे वाफ होतीच, पण शिवाय कुठेतरी खरी गळतीही होती. आजी नव्वद टक्के बरोबर होत्या. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी मला अण्णा आठवले.

आमचं घर संगमेश्वराकडचं, नळीच्या कौलांचं. नळीची कौलं म्हणजे अर्ध्या नळीसारखी, एक उताणं आणि त्यावर एक पालथं. वर्षभर माकडं, मांजरं, सुटलेले नारळ, सगळ्यांचा त्यांच्यावर राबता. म्हणून दर मे महिन्यात घर शाकारायचं. दोन गडी आणि अण्णा वर चढायचे, कौलं उतरवून झाडून, फुटकी बाजूला काढून पुन्हा लावायचे. माझं काम खाली उभं राहून कौलं हातोहात वर देण्याचं. कौलांखाली विंचू निघायचे, कधी पक्ष्यांची घरटी, एकदा माझा हरवलेला चेंडू. शाकारणी झाली की अण्णा दुपारी बाराला माळ्यावर जाऊन खिडकी लावून घेत. मलाही बोलवत. मिट्ट काळोखात वर बघायचं. जिथून उन्हाचा कवडसा येतो, तिथून पाणी येणार. खडूने खूण करायची.

शाकारूनही पहिल्या मोठ्या पावसात कुठेतरी गळायचंच. देवघरात गळायला लागलं की मी पातेलं ठेवायला धावायची आणि बोट वर करून सांगायची, "अण्णा, हे कौल." अण्णा तिकडे बघायचेच नाहीत. कंदील घेऊन ते वरच्या अंगाला जात, माजघराच्या दिशेला, आणि वाशावर बोट फिरवत यायचे. "अगो, थेंब पडतो तिथे भोक नसतं. पाणी वाशावरून चालत येतं आणि दमलं की खाली उतरतं." तिथून दोन-अडीच हातांवरचं एखादं कौल काठीने जरा सरकवलं की देवघरातली टपटप थांबायची. मला ती जादूच वाटायची.

तंबूला वासे नसतात, पण शिवणी असतात, दोऱ्या असतात, आतली खांबांची वाकलेली नळी असते. पाणी त्यांना धरून चालतं. मी रात्रभर पट्ट्या लावत होते ते थेंबाच्या उतरण्याच्या जागेवर. तो चढला कुठून, हे मी शोधलंच नव्हतं.

आणि अण्णांच्या घराची आणखी एक गोष्ट त्या सकाळी पहिल्यांदाच लक्षात आली. आमच्या स्वयंपाकघराला चिमणी नव्हती. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून सरळ बाहेर जायचा. लांबून बघितलं तर छपरातून निळसर धूर निघतोय असं दिसायचं. नवा माणूस घाबरायचा, घराला आग लागली म्हणून. ज्या छपरातून धूर जात होता, त्यातून पाऊस येत नव्हता. पुढे भावाने तिथे स्लॅब टाकली. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, कपाटातल्या चपलांना हिरवी मखमल चढते. गळत मात्र थेंबभरही नाही.

शाळेत असताना आमचा गाईडचा कॅम्प झाला होता, तेव्हाचे तंबू वेगळेच. जाड सुती कॅनव्हास, दोन बांबू, सुती दोर. बाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती: पाऊस पडत असताना कोणीही आतून कापडाला हात लावायचा नाही. लावला की तिथून गळणार. आम्ही अर्थातच लावला. गळलं. एका मैत्रिणीने तर बोटाने आपलं नाव लिहायचा प्रयत्न केला आणि रात्रभर पहिल्या अक्षराखाली झोपली. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं स्वतःच बुजवतो. कापडावर पाण्याचा पापुद्रा ताणलेला राहतो आणि बाहेरचं पाणी त्यावरून घसरून जातं. बोट लागलं की तो ताण मोडतो आणि पाणी त्या वाटेने आत झिरपतं. आताच्या नायलॉन-पॉलिस्टरच्या तंबूंवर लेप असतो, बोट लावल्याने काही होत नाही. पण जुनी सवय म्हणून मी अजून हात आखडून झोपते, आणि एका अर्थी ते बरोबरच आहे. कारण आतलं कापड बाहेरच्या भिजलेल्या कापडाला चिकटलं की ओल इकडून तिकडे यायला वेळ लागत नाही. दोन कापडांमध्ये वीतभर नाही, तर निदान बोटभर तरी अंतर हवंच.

दोरांची गंमत तर उलटीच आहे. कॅम्पला रात्री पावसाची चिन्हं दिसली की बाई सगळे दोर जरा ढिले करायला लावत. सुती दोर भिजला की आखडतो. ताणून बांधलेला असेल तर मेख उपटतो नाहीतर कापड फाडतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं. तेव्हा आता पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने रेनकोट चढवून बाहेर जायचं आणि दोऱ्या पुन्हा ताणून यायचं. तोच पाऊस, तोच तंबू, आणि हाताला लागलेली सवय बरोबर उलटी फिरवायची. पहिल्या वर्षी मी निष्ठेने बाईंचं ऐकलं होतं. मध्यरात्री छताला पोट सुटलं आणि त्यात तळं साचलं.

आकड्यांच्या भानगडीत मी उशिरा पडले. तंबूच्या पिशवीवर दोन हजार, तीन हजार असे मिलिमीटर लिहिलेले असतात. मला वाटायचं, एवढा पाऊस सोसेल म्हणजे घाटघरचा निम्मा पावसाळा झाला की हो! तो पावसाचा आकडा नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ ठेवतात आणि किती उंचीला पाणी पाझरायला लागतं ते मोजतात. तीन हजार म्हणजे तीन मीटर उंच पाण्याचा भार. नुसत्या पडणाऱ्या सरीचा रेटा त्यामानाने काहीच नाही. खरा भार तळाच्या कापडावर येतो: ओल्या जमिनीवर तुम्ही कोपर टेकता, गुडघ्यावर उठता, तेव्हा पाणी खालून दाबलं जातं. म्हणून छताचे आकडे वाचून खूश होण्यापेक्षा तळाचा आकडा बघावा. आणि आकडा कितीही मोठा असो, तो कापडाचा असतो. सुईने पाडलेल्या भोकांचा नसतो. शिवणीवर आतून एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, ती सुटली की तीन हजारांचा तंबूही चाळणीच.

तळाचं नाव काढलं म्हणून भंडारदऱ्याची गोष्ट सांगायलाच हवी. साम्रदच्या आधीची, जूनच्या पहिल्या आठवड्यातली. काजवे बघायला गेलो होतो. हिरडा, बेहडा, सादडा, अशा झाडांवर काजव्यांची लुकलुक चालू होती आणि त्याखाली माणसांच्या गाड्यांच्या दिव्यांची झगमग, त्याबद्दल पुन्हा कधीतरी. तंबूच्या खाली ओल येऊ नये म्हणून मी घोटीच्या बाजारातून चांगली ऐसपैस ताडपत्री घेतली होती. तंबूच्या चारी बाजूंनी हातभर बाहेर राहील अशी. म्हटलं बूट ठेवायला ओटाही होईल. रात्री वळीव आला. गडगडाट सुरू झाल्याबरोबर आम्ही गाडीत जाऊन बसलो, विजा चमकत असताना उघड्यावर तंबूत बसायची माझी छाती नाही, आणि नसावीच. तासाभराने परतलो तर तंबू तरंगत होता. छतावरून निथळलेलं सगळं पाणी त्या बाहेर आलेल्या ताडपत्रीवर पडलं आणि उताराने थेट तंबूखाली गेलं. मी तंबूसाठी परात मांडली होती. खालची ताडपत्री तंबूपेक्षा चार बोटं लहान हवी, कडा आत दुमडलेल्या हव्यात. पागोळ्या जिथे पडतात त्याच्या आत. आमच्या पडवीचं जोतं पागोळीच्या आत असायचं. हे मला जन्मापासून माहीत होतं. फक्त कौलं नसली की अक्कल चालेना.

जागेचं म्हणाल तर मी आता पट्टीची संशयी झाले आहे. हिरवळीचा मऊ सपाट खळगा दिसला की पूर्वी हरखायची. तो खळगा मऊ आणि सपाट आहे कारण दर पावसात तिथे पाणी येऊन गाळ टाकतं. कोरडा ओहोळ तर विषच. याचा सगळ्यात मोठा धडा घेतला तो दस्तुरखुद्द औरंगजेबाने. १७०० साली, पावसाळा सरत आला असताना, बादशाही छावणी माण नदीच्या काठी खवासपूरला पडली होती. माण ही वर्षातले कित्येक महिने वाळूच वाहणारी नदी. तळ काठावर आणि कोरड्या पात्रातही पसरला होता. लांब डोंगरात पाऊस झाला आणि मध्यरात्री लोंढा आला. माणसं, जनावरं, तंबू, सगळं वाहून गेलं. पळापळीत बादशहाचा गुडघा निखळला तो कायमचा. उरलेलं आयुष्य लंगडत काढलं. दरबारी मंडळींनी त्यावर समजूत काढली म्हणे, की हा तर तैमूरलंगाचा वारसा! दिल्लीच्या गादीवरच्या माणसाला जे कळलं नाही, ते माझ्या मुलीला कळावं म्हणून मी ही गोष्ट प्रत्येक सहलीत सांगते. ती आता ओहोळ दिसला की "आई, खवासपूर" एवढंच म्हणते.

आपल्याकडे मुळात पावसात तंबू ठोकायची रीतच नव्हती. मराठी फौजांची 'छावणी' म्हणजे पावसाळ्यापुरतं एका जागी थांबणं. मोहीम बंद. दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडायचं. धनगरही पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातून घाट चढून पूर्वेकडच्या कमी पावसाच्या माळांवर मेंढरं नेतात. शहाणी माणसं पावसापासून लांब जातात. जुलैत साम्रदला येणारे आम्हीच.

एक अपवाद मात्र भला मोठा आहे. आषाढी वारी. पावसाळ्यात कापडाखाली झोपणाऱ्यांचा एवढा मोठा मेळा दुसरा नसेल. सासूबाई बारा वर्षं एका दिंडीबरोबर जात होत्या. त्यांचे गुडघे बोलायला लागल्यावर एका वर्षी सोबत म्हणून मी लोणंद ते बरड चालले. तंबूशास्त्रातली पारंगत म्हणून माझ्या मनात थोडा तोरा होता. दिंडीचा ट्रक पुढे गेलेला असतो, माणसं पोहोचेपर्यंत राहुट्या उभ्या. कापड साधं, एकेरी. झिप नाही, झरोका नाही, खालून चांगली वीतभर मोकळी. त्यात आम्ही वीस बायका. मी मनात हिशेब केला: वीस पेले पाणी. सकाळी छताला हात लावला. जवळजवळ कोरडा. खालच्या मोकळ्या पट्ट्यातून वारा रात्रभर आत येऊन वरच्या टोकाच्या फटीतून निघून जात होता.

फलटणला मात्र रात्री पाऊस आला, तिरपा. काळी माती भिजली की लोण्यासारखी होते, मेखा तिच्यात धरत नाहीत. आमच्या राहुटीची वाऱ्याकडची बाजू एकदम सुटली आणि कापड फडफडायला लागलं. मी टॉर्च, दोरी, दगड, असं काय काय शोधत उठले. बाकीच्या बायका उठल्याच नाहीत. बसल्या. प्रत्येकीने आपलं गाठोडं उशाखालून काढून मांडीवर घेतलं, वरून प्लास्टिकचा कागद खोळीसारखा डोक्यावरून ओढला आणि कोणीतरी अभंग धरला. तंबूवाला पोरगा आला, मेख उपटून दोन पावलं पलीकडे तिरपी ठोकली, तिच्यावर पाण्याचा भरलेला कॅन ठेवला आणि गेला. सासूबाई म्हणाल्या, "गाठोडं कोरडं आहे ना? मग झालं." त्यांच्या गाठोड्यात एक लुगडं, एक चादर, पोथी आणि औषधाची डबी, सगळं दुहेरी प्लास्टिकमध्ये. तंबू कोरडा ठेवायची जबाबदारी त्यांनी कधी घेतलीच नव्हती. कोरडी ठेवायची ती चादर.

तेव्हापासून माझ्याही सॅकमध्ये एक जोड कपडे आणि मोजे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत असतात आणि ते फक्त झोपण्यापुरते. सकाळी ते काढून पुन्हा कालचे ओले चढवायचे. हा क्षण वाईट असतो, थंडगार पँट पायात घालताना तोंडातून जे शब्द निघतात ते मुलीसमोर निघू नयेत. पण कोरडे वापरून टाकले तर दुसऱ्या रात्रीला काही उरत नाही. ओलं सामान आता बाहेरच्या ओसरीत, म्हणजे दोन कापडांमधल्या जागेत. दार ईशान्येला, कारण जुलैचा वारा नैऋत्येकडून येतो. झरोके उघडे, मुसळधार असली तरी. आउटर जमिनीपासून चार बोटं वर. दोऱ्यांना तंबूजवळ सुतळीचा एकेक तुकडा लोंबता बांधायचा, म्हणजे दोरीवरून चालत येणारं पाणी तिथेच खाली उतरतं. ही सुतळीची युक्ती मी स्वतः काढली असं मला बरेच दिवस वाटत होतं. मग गावी गेले तेव्हा लक्षात आलं, अण्णा कपडे वाळत घालायच्या तारेला पडवीच्या आधी चिंधी बांधत.

आणि हो, आत ओल आली म्हणून स्टोव्ह किंवा शेगडी तंबूत घेऊ नये. कितीही कुडकुडत असलात तरी. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. चर खणायचाही मोह आवरावा. गाईडच्या कॅम्पात आम्ही तंबूभोवती खणायचो, पण पुढच्या पावसात तोच चर माती घेऊन जातो. चर खणावा लागतोय म्हणजे जागा चुकली.

एवढं सगळं करूनही सह्याद्रीच्या जुलैत आउटर आतून ओला होतोच. बाहेरच्याच हवेत पाणी ठासून भरलेलं. वारा खेळवला तरी तो काय सुकवणार? एक जुना पंचा जवळ ठेवावा, पहाटे एकदा पुसून घ्यावं आणि कोरडेपणाचा फार आग्रह धरू नये. पूर्ण कोरडा तंबू मला फक्त दुकानात दिसला.

खरं काम घरी आल्यावर असतं. रविवारी रात्री अकराला दमून आलं की तंबूची पिशवी कोपऱ्यात टाकून द्यावीशी वाटते. टाकली की संपलं. दोन दिवसांत कुबट वास, आठवड्यात काळे ठिपके, आणि ओलसर ठेवत गेलं तर दोन-तीन वर्षांत आतला लेप चिकट होऊन सोलवटायला लागतो. पण नाशिकमध्येही पाऊसच. गच्चीची किल्ली मिळत नाही. म्हणून आमच्या दिवाणखान्यात तंबू उभा राहतो. सोफा भिंतीला, टीपॉय बाल्कनीत, पंखा पाचवर. दोन दिवस आम्ही त्याला वळसा घालून जेवतो.

साम्रदहून आल्यावर असाच तो उभा होता. अण्णा तेव्हा आमच्याकडे होते, एक्क्याऐंशी वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. काठी टेकत त्यांनी एक फेरी मारली, कापड दोन बोटांत धरून पाहिलं. मी त्यांना ती रात्र सांगितली, चिकटपट्ट्यांसकट. ते हसले नाहीत. "खुर्ची आत ठेव," म्हणाले. प्लास्टिकची खुर्ची तंबूत ठेवली, त्यांना धरून आत बसवलं. डोकं छताला लागत होतं. मग म्हणाले, "दिवे घालव. खिडक्यांचे पडदे ओढ. आणि पोरीला सांग, बॅटरी घेऊन बाहेरून शिवणीवरून हळू हळू जा. पळू नको म्हणावं."

मुलगी बाहेरून निघाली. आत मिट्ट काळोख, आणि कापडावर मंद पिवळा डाग सरकत होता. मी त्यांच्या पायाशी बसले होते. माझ्या उशीची जागा आली, काही नाही. पुढे गेली. खांबाच्या कडेने वर, झरोक्याच्या टोपीपाशी. तिथे सुईच्या टोकाएवढे तीन ठिपके लखलखले, एकाखाली एक.

"थांब," अण्णा म्हणाले. मग मागे न बघता माझ्याकडे हात पुढे केला. "खडू."